परदेशातून पेपर कटिंग मशीन मागवताना : सोलापुरातल्या कागदकामवाल्यांसाठी

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीची मखरं कागद-पुठ्ठ्याकडे वळली. जोडीला लग्नपत्रिका, रुखवतावरची नावं, बारशाच्या कमानी आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांना नमुन्यापुरते लागणारे खिशावरचे लोगो आहेतच. ही कामं कटर आणि पट्टीने करणारे सोलापुरात बरेच जण आहेत. त्यांची नजर कधी ना कधी क्रिकट, सिल्हूएट कॅमिओ किंवा ब्रदर स्कॅन-एन-कट या यंत्रांवर जाते. पेनाच्या जागी पातं धरलेला छोटा प्रिंटर, असं हे यंत्र असतं. संगणकावरची रेष जशी असेल तशी ते कागदावर कापतं.

अडचण किमतीची आहे. अमेरिकन दुकानाच्या पानावर दिसणारा आकडा आणि यंत्र घरातल्या टेबलावर येईपर्यंत खिशातून गेलेली रक्कम यांत पाऊणपट ते दुप्पट फरक पडतो. म्हणून ‘मागवू का’ हा प्रश्न त्या दुसऱ्या आकड्यावर सोडवायचा.

आधी इथली चौकशी

पहिलं काम म्हणजे हव्या त्याच मॉडेलचा भारतातला अधिकृत भाव लेखी घेणं, जीएसटीसकट आणि वॉरंटीच्या मुदतीसकट. परदेशातून आणलेल्या यंत्राला इथे बहुतेक वेळा वॉरंटी लागू होत नाही. बिघाड झाला तर दहा किलोचं खोकं परत पाठवायचा खर्चच डोळे पांढरे करतो. आमचं स्पष्ट मत असं : सगळा हिशोब करून परदेशी यंत्र इथल्या भावापेक्षा किमान वीस टक्के स्वस्त पडत नसेल, तर इथलंच घ्यावं. परदेशातून मागवण्यात अर्थ आहे तो हवं ते मॉडेल इथे मिळतच नसेल तेव्हा, किंवा घरचं कुणी तिकडून येणार असेल तेव्हा.

दुसरी चौकशी कामाची. तुमचं काम फक्त व्हाइनिलचं असेल, म्हणजे गाड्यांवरची अक्षरं, काचेवरचे स्टिकर, टी-शर्टवरची नावं, तर शहरातल्या रेडियमवाल्यांकडे जो २४ इंची प्लॉटर असतो तोच इथे विकत घ्या. तो रोलवर चालतो, दुरुस्तीला माणूस मिळतो. पण कागद आणि कार्ड बारीक नक्षीत कापायचं असेल तर तो कामाचा नाही. कागद धरून ठेवायला चिकट मॅट लागते, आणि मॅटवर काम करणारी ही घरगुती यंत्रंच त्यासाठी बरी.

कोणतं यंत्र

क्रिकटमध्ये एक्स्प्लोर आणि मेकर अशा दोन मुख्य मालिका आहेत. एक्स्प्लोर सुमारे ४०० ग्रॅमचा दाब देतं, मेकर ४ किलोपर्यंत. पत्रिका, टॅग, कागदी फुलं, व्हाइनिल एवढंच करायचं असेल तर एक्स्प्लोर पुरतं. मखरासाठी २ मिलिमीटरचा पुठ्ठा कापायचा असेल तर मेकरच लागतं, कारण नाइफ ब्लेड आणि कापडासाठीचं फिरतं पातं फक्त त्यात बसतं. पुठ्ठा एका दमात कापला जात नाही. पातं त्याच रेषेवरून वीसेक वेळा फिरतं आणि मोठ्या तुकड्याला तासभरही लागू शकतो. मखराच्या मोसमात दिवसाला किती तुकडे निघतील, याचा अंदाज हे धरून बांधा. जॉय हे धाकटं यंत्र साडेचार इंच रुंदीच कापतं. धंद्यासाठी ते घेऊ नका.

क्रिकटचं सॉफ्टवेअर डिझाइन स्पेस. ते फुकट आहे, एसव्हीजी (रेषांनी बनलेल्या चित्राची) फाइल सरळ घेतं, पण खातं उघडल्याशिवाय चालत नाही आणि बहुतेक कामाला इंटरनेट मागतं. क्रोमबुकवर किंवा लिनक्सवर ते चालत नाही. मार्च २०२१ मध्ये कंपनीने फुकट खात्यांना महिन्याला २० चित्रांचीच मर्यादा घालायचं जाहीर केलं होतं. ग्राहकांच्या संतापानंतर तो निर्णय मागे घेतला. यंत्र तुमचं असलं तरी त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर आहे, हे लक्षात ठेवून पैसे घाला.

सिल्हूएट ही जपानच्या ग्राफटेकची कंपनी. कॅमिओ १२ इंची, पोर्ट्रेट ८ इंची. सिल्हूएट स्टुडिओ हे सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येतं. खोच एवढीच, की फुकटच्या बेसिक आवृत्तीत एसव्हीजी उघडत नाही. त्यासाठी डिझायनर एडिशन विकत घ्यावी लागते. डीएक्सएफ ही रेषाचित्राची दुसरी फाइल मात्र फुकटात उघडते, आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून ती बनवता येते. इंकस्केपमधून थेट सिल्हूएटला काम पाठवणारं एक मुक्त एक्स्टेन्शनही आहे. ज्यांच्याकडे इंटरनेट येत-जात असतं त्यांना आम्ही कॅमिओ सुचवतो.

ब्रदर स्कॅन-एन-कटला संगणकही लागत नाही. यंत्रातच स्कॅनर आणि पडदा आहे. वहीत हाताने काढलेली ठिपक्यांची रांगोळी मॅटवर ठेवा, स्कॅन करा, तीच रेष कापून मिळते. किंमत जास्त, पण हाताने चित्र काढणाऱ्याला यासारखं दुसरं नाही.

वीज : ऑर्डरच्या आधी हे बघाच

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. क्रिकट आणि कॅमिओ ही यंत्रं बाहेरच्या ॲडॉप्टरवर चालतात आणि त्या ॲडॉप्टरवर साधारणपणे ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ छापलेलं असतं. तसं असेल तर चपट्या पिनांचा प्रश्न फक्त उरतो. पन्नास-शंभर रुपयांच्या सैल बदल-पिनेऐवजी त्याच तोंडाची भारतीय पिनेची वायर घ्या. सैल पिनेमुळे कापताना मध्येच यंत्र बंद पडतं आणि कागद वाया जातो. ज्या मॉडेलमध्ये वायर थेट यंत्रात जाते तिथे मागच्या लेबलचा फोटो विक्रेत्याकडून मागवा. लेबलवर नुसतं १२० असेल तर ते यंत्र सोडा.

हीट प्रेस, म्हणजे कापडावर व्हाइनिल उष्णतेने चिकटवणारं यंत्र, तिकडून कधीच आणू नका. अमेरिकेतली हातात धरायची हीट प्रेस फक्त १२० व्होल्टची असते. इथल्या सॉकेटला लावली की जळते. दीड हजार वॅटला पुरणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जड असतो, महागही असतो. इथली साधी १५ × १५ इंची हीट प्रेस गणवेशाच्या लोगोंना चांगली चालते.

खरा आकडा कसा काढायचा

सीमाशुल्क नुसत्या यंत्राच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते, तिला सीआयएफ मूल्य म्हणतात, तिच्यावर ते लागतं. विम्याचा खर्च वेगळा दाखवलेला नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. वाहतुकीच्या बाबतीत एक नियम ग्राहकाच्या फायद्याचा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो : माल विमानाने आला असेल तर मूल्य काढताना वाहतूक किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही, कुरियरने प्रत्यक्षात कितीही घेतले असले तरी.

एक उदाहरण मांडू. दर अर्थसंकल्पात बदलतात म्हणून इथे सीमाशुल्क १० टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) १८ टक्के असं समजू. ऑर्डरच्या दिवशी लागू असलेले दर सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर बघून याच गणितात घाला.

यंत्राची किंमत २८,००० रुपये, कुरियर ९,००० रुपये. वाहतूक धरायची ती २८,००० च्या २० टक्के, म्हणजे ५,६००. विमा ३१५. सीआयएफ मूल्य ३३,९१५. सीमाशुल्क ३,३९२, अधिभार ३३९. इथवर बेरीज ३७,६४६. त्यावर आयजीएसटी ६,७७६. सरकारला एकूण १०,५०७ रुपये. आता कार्ड : परदेशी व्यवहारावर बँक साडेतीन टक्के मार्कअप घेत असेल तर ३७,००० वर १,२९५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २३३. कुरियर कंपनी तुमच्या वतीने शुल्क भरते त्याची फी एक हजार धरा. सगळं मिळून ५०,०३५. पानावरचे अठ्ठावीस हजार सोलापुरात पन्नास हजार होतात, ते असे.

कुरियरचा भाव वजनावर ठरतो असं वाटतं, पण खोकं हलकं आणि मोठं असेल तर आकारमानाचं वजन लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५,००० ने भागा. ६५ × २८ × २५ चं खोकं ९.१ किलो भरतं, आत यंत्र सात किलोचं असलं तरी. म्हणून ‘यंत्रासोबत सामानाचा मोठा संच’ या ऑफरच्या नादी लागू नका. वीस रंगांच्या कागदासाठी तुम्ही विमानाचं भाडं आणि वर शुल्कही भरता. तिकडून घ्यायचं ते फक्त यंत्र, जादा पाती आणि दोन मॅट.

घरगुती वापर की धंदा

कुरियरने स्वतःच्या वापरासाठी माल मागवला तर तो साधारणपणे सीमाशुल्काच्या दरपत्रकातल्या ९८०४ या शीर्षकाखाली, वैयक्तिक वापराचा माल म्हणून, मोजला जातो. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, लागत नाही. आधार-पॅनवर काम होतं. धंद्याच्या नावावर आणायचा असेल तर डीजीएफटीकडून (परदेश व्यापार महासंचालनालय) हा आयईसी काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन, फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. मग माल ८४४१ खाली, कागद कापण्याच्या यंत्रांमध्ये, दाखवता येतो.

जीएसटी नोंदणी असलेल्या छपाई प्रेसवाल्याने किंवा गणवेश कारखान्याने दुसराच मार्ग घ्यावा. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या कस्टम्स कागदावर, तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. वरच्या उदाहरणात ते पावणेसात हजार होतात. वैयक्तिक नावावर आणलेल्या यंत्राचं क्रेडिट नंतर कुणी देत नाही. सीमाशुल्काचं क्रेडिट मात्र कोणत्याच मार्गाने मिळत नाही. पुढे विकण्यासाठी चार-पाच यंत्रं आणायचा विचार असेल तर ॲडॉप्टरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) सक्तीची नोंदणी लागते. तिथे कस्टम्स ब्रोकरशिवाय हात घालू नका.

‘गिफ्ट’ लिहून पाठवायला सांगणं हा जुना सल्ला अजून फिरतो. भेट म्हणून शुल्कमुक्त सोडवण्याची वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, अपवाद जीवरक्षक औषधं आणि राखी. बिलावर किंमत कमी दाखवणंही तसंच. अधिकारी तेच मॉडेल दुकानाच्या पानावर बघतात, मूल्य वाढवतात, दंड लावतात. शिवाय वाटेत यंत्र फुटलं तर विमा कागदावरच्या किमतीचाच मिळतो.

येणाऱ्या माणसाबरोबर आणणं

आखातात किंवा अमेरिकेत असलेला भाऊ, भाची येणार असेल तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग. प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंत शुल्कमुक्त सामान आणता येतं. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती रक्कम ५०,००० रुपये होती. प्रवासाच्या तारखेला लागू असलेला आकडा पाहून घ्या. नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एकच महाग यंत्र त्यात बसवता येत नाही. दुकानाचं मूळ बिल हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. किंमत मर्यादेच्या वर जात असेल तर विमानतळावर शुल्क भरणाऱ्यांसाठीच्या लाल मार्गाने जाऊन सांगावं.

दुबईत २३० व्होल्ट वीज आहे आणि व्हॅट ५ टक्केच, त्यामुळे तिथलं यंत्र आपल्याला सोयीचं. पिन फक्त ब्रिटिश पद्धतीची असते. अमेरिकेत ऑरेगन, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर या राज्यांत राज्याचा विक्रीकर नाही. नातेवाईक तिथे असेल तर तेवढी बचत.

खोकं चेक-इनमध्ये द्यायचं, मूळ फोमसकट. फोम काढून कपड्यांत गुंडाळलं तर बॅग आपटल्यावर पातं धरणारी गाडी रुळावरून वाकते, आणि मग वर्तुळाची सुरुवात आणि शेवट जुळत नाही. पाती केबिन बॅगेत चालत नाहीत. मुंबईला उतरल्यावर पुढचा प्रवास रेल्वेने करावा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीत किंवा वंदे भारतने यंत्र आपल्या नजरेसमोर राहतं. ट्रॅव्हल्सच्या डिकीत इतर बोजांखाली ते टाकू नका.

ऑर्डर देताना

नाव आधारवर आहे तसंच लिहा, अक्षरनअक्षर. ऑर्डरवर ‘राणी’ आणि आधारवर ‘राजश्री’ असेल तर केवायसी अडतं आणि माल मुंबईत पडून राहतो. मोबाइल क्रमांक +९१ सह द्या, पिनकोड बरोबर द्या. शहरात तो ४१३००१ पासून सुरू होतो आणि पेठेगणिक बदलतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा. २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळातच बंद असतात. मर्यादा फक्त लागेल तेवढी ठेवा आणि काम झालं की पुन्हा बंद करा.

विक्रेत्याला चार गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या : बिलावर मॉडेल क्रमांक आणि वर्णन पूर्ण असेल का, ॲडॉप्टरवर इनपुट काय छापलंय, खोक्याची मापं काय, आणि पोहोचल्यावर खराब निघालं तर परत पाठवायचा खर्च कुणाचा. शेवटच्या प्रश्नाला टोलवाटोलवी झाली तर दुसरा विक्रेता शोधा.

मुंबईत कस्टम्समध्ये

माल मुंबईत उतरला की कुरियरकडून केवायसीची लिंक येते. आधार, पॅन, बिल आणि कार्डाने पैसे दिल्याचं स्टेटमेंट असं चारही एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा आणि त्याच दिवशी चढवा. ठरावीक दिवसांनंतर गोदामभाडं चढायला लागतं आणि ते रोज वाढतं. वर्णन विचारलं तर ‘कागद आणि व्हाइनिल कापण्याचं घरगुती इलेक्ट्रॉनिक यंत्र’ एवढं सरळ लिहा. नुसतं ‘मशीन’ लिहिलं की प्रश्न वाढतात.

याच दिवसांत खोटे फोन येतात. ‘कस्टम्समधून बोलतोय, पार्सल अडकलंय, या यूपीआयवर पाठवा’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. शुल्क फक्त कुरियरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ट्रॅकिंग क्रमांक टाकून किंवा पावती घेऊन दारात भरायचं. बिल ऑफ एंट्रीची प्रत मागून घ्या. तीत वाहतूक २० टक्क्यांहून जास्त धरली आहे का ते बघा, आणि पुढे यंत्र विकायचं झालं तर ती मालकीचा पुरावा म्हणूनही कामी येते.

खोकं उघडताना

कुरियरवाला उभा असतानाच सहा बाजूंचे फोटो काढा. कोपरा दबलेला दिसला तर पावतीवर तसं लिहून मगच सही. टेप कापण्यापासून यंत्र चालू होईपर्यंत एकसलग व्हिडिओ घ्या, मालिका क्रमांकाच्या स्टिकरसकट.

यंत्राच्या आत गाडीच्या दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे आणि टेप असतात. एक जरी राहिला आणि तुम्ही वीज दिली तर मोटर अडते आणि पट्टा ताणतो. टॉर्च मारून रुळाच्या दोन्ही टोकांना बघा, बोटाने गाडी सावकाश डावीकडून उजवीकडे सरकवा. ती कुठेही न अडखळता जायला हवी. मगच ॲडॉप्टर लावा.

वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण यंत्र थांबतं, आणि पुन्हा त्याच बिंदूपासून सुरू होत नाही. ५०–६० वॅटच्या यंत्राला ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. लगीनसराईच्या कामात पहिल्याच महिन्यात तो पैसे वसूल करतो.

पहिली कापणी

मॅटचा रंग पाहून वापर : क्रिकटमध्ये निळी साध्या कागदासाठी, हिरवी कार्ड आणि व्हाइनिलसाठी, जांभळी पुठ्ठ्यासाठी, गुलाबी कापडासाठी. नव्या हिरव्या मॅटवर पातळ कागद लावला तर तो फाडूनच काढावा लागतो. अशा वेळी मॅटवर स्वच्छ सुती कापड दोन-तीनदा थोपटून चिकटपणा थोडा मारावा.

इथे मिळणारी कार्डशीट बहुधा २२ × २८ इंची असते. १२ × १२ चे तुकडे केले तर दोनच निघतात आणि उरलेलं वाया. छपाई प्रेसच्या कटिंग मशीनवर तिचे ११ × १४ चे चार तुकडे करून घ्या. काहीच वाया जात नाही, आणि १२ × २४ च्या मॅटवर ते नीट बसतात. हाताने कापलेली कड वाकडी असते आणि कागद मॅटवर तिरका लागतो, म्हणून हे प्रेसवरच करून घ्यावं.

प्रत्येक नव्या कागदावर आधी कोपऱ्यात १ सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात त्रिकोण कापा. त्रिकोण अलगद सुटला आणि मॅटवर पात्याची फक्त पुसट रेष दिसली तर दाब बरोबर. मॅटवर खोल चर पडली तर दाब कमी करा. २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) वर दाब वाढवण्यापेक्षा दोन फेऱ्या मारणं चांगलं. कड स्वच्छ येते.

कोपरे फाटत असतील तर याच क्रमाने तपासा : पातं बसतं त्या घरात कागदाचा तंतू अडकलाय का, मॅटची पकड गेलीय का, पातं बोथट झालंय का. दाब सगळ्यात शेवटी. पातं ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात वीस-तीस वेळा टोचलं की अडकलेले तंतू निघतात. त्याने धार येत नाही, फक्त सफाई होते. हातकागदात लांब तंतू असतात. त्यावर बारीक जाळी कापायला जाऊच नका, ५ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्टी त्यात टिकत नाही.

देवनागरी अक्षरं : इथेच खरं काम आहे

यंत्राचं सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी बनलेलं. त्यात थेट ‘सिद्धेश्वर’ टाइप केलं तर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर सुटतं, आणि प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी कापली जाते. नाव हातात येतं ते तुकड्यांत. म्हणून अक्षरं इंकस्केपमध्ये करायची. ते फुकट आहे.

युनिकोड फॉन्ट घ्या. मुक्ता किंवा बालू २ यांची रेष जाड आहे आणि कापायला टिकते. जुने, कीबोर्डवर बसवलेले फॉन्ट वापरले तर दुसऱ्या संगणकावर फाइल उघडताच इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नाव टाइप करा, मग ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग गट सोडवा, मग सगळं निवडून ‘युनियन’. आता शिरोरेषा एकसलग झाली.

पण अनुस्वार अजून हवेत आहे. ‘शुभं’, ‘गंगा’, ‘पांडुरंग’ यांतला टिंब शिरोरेषेला चिकटलेला नसतो. कापल्यावर तो मॅटवर राहतो किंवा हरवतो. युनियन करण्याआधी तो टिंब खाली ओढून शिरोरेषेत १ मिलिमीटर रुतवा. चंद्रबिंदूचंही तसंच. सुट्या राहणाऱ्या उकाराला आणि हलन्तालाही एक मिलिमीटरचा सांधा द्या. नंतर रेषांचा नकाशा बघा : तुकडा एकच हवा. ‘स’, ‘ष’, ‘व’ यांच्या पोटातली भोकं मात्र राहिली पाहिजेत. ती गेली असतील तर युनियन चुकलंय. स्टेन्सिल करायची असेल तर उलट, त्या पोटाला धरून ठेवणारा दीड-दोन मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो.

फाइल साध्या एसव्हीजीत जतन करा आणि यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर रुंदी मोजा. इंकस्केप एका इंचात ९६ बिंदू धरतं, काही सॉफ्टवेअर ७२, त्यामुळे दहा इंचाचं नाव सुमारे १३.३ इंचाचं होऊन मॅटबाहेर जाऊ शकतं. व्हाइनिल टी-शर्टवर लावायचं असेल तर कापण्याआधी चित्र आरशात दिसतं तसं उलटं करा, कागद कापताना नाही.

धूळ, ऊन आणि तंतू

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांजवळ घर असेल तर हवेतले कापसाचे बारीक तंतू मॅटवर बसतात आणि महिन्याची मॅट आठवड्यात मरते. काम झाल्या झाल्या मॅटवर तिची प्लास्टिकची पारदर्शक शीट परत लावायची, यंत्रावर कापड टाकायचं. मेलेली मॅट कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश यांनी गोल गोल धुऊन सावलीत वाळवली की दोन-चार वेळा पुन्हा चालते. उन्हात वाळवू नका, ती वाकते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या खोलीत व्हाइनिलचा गोंद मऊ होऊन कापताना पात्याला लागतो. तेव्हा सकाळी लवकर कापावं, रोल उभे ठेवावेत. पावसाळ्यात कार्डशीट ओल धरते आणि कडेला वर उचलते. तिला रात्रभर सपाट पाट्याखाली दाबून ठेवा.

रुळावर शिलाई मशीनचं तेल घालू नका, धूळ आणि तंतू त्याला चिकटून गाडी अडते. कोरड्या सुती कापडाने पुसणं पुरे. कागदाच्या कामाचं पातं व्हाइनिलला वापरू नका. दोन्हींसाठी वेगळी ठेवा आणि पात्याच्या घरावर मार्करने खूण करा. पहिल्या ऑर्डरसोबत बारीक टोकाची पाती पाच, जाड कार्डासाठी ६० अंशांचं खोल पातं एक, आणि १२ × २४ ची मॅट मागवा. तिकडे यंत्राबरोबर येणारी मॅट बहुधा १२ × १२ चीच असते, आणि वर सांगितलेले ११ × १४ चे तुकडे तिच्यावर बसत नाहीत.